गुडघा जाण्याआधी आणि गेल्यानंतर

कबड्डीच्या मैदानावर हाड ‘मोडतं’, खांदा ‘निखळतो’, गुडघा मात्र ‘जातो’. गेलेला परत येत नाही, हा कित्येक पिढ्यांचा अनुभव त्या क्रियापदात मुरलेला आहे. तालुक्याच्या कुठल्याही जुन्या संघाचा फोटो समोर ठेवून कोण आता काय करतं, असं विचारलं तर कोणी पोलिसात लागलेला असतो, कोणी शाळेत शिकवतो, कोणी शेती बघतो. पण एखाद्या नावाशी बोट थांबतं आणि सांगणारा एवढंच म्हणतो, ‘चांगला खेळायचा, गुडघा गेला.’

खेळाडूचा गुडघा वाचवण्यासाठी आणि गेलेला परत आणण्यासाठी गेल्या पन्नासेक वर्षांत जगभर पुष्कळ यंत्रं, उपकरणं आणि पद्धती निघाल्या. त्यातलं काय खरोखर उपयोगी पडलं आणि कशाचा नुसता गाजावाजा झाला, हे एकदा नीट बघायला हवं. कारण यातली बरीच साधनं आता आपल्याकडे पोचली आहेत, आणि त्यांचं मोल पालकांच्या खिशातून जातं.

गुडघ्याच्या आत मांडीचं हाड आणि नडगी यांना बांधणारी दोन लिगामेंट एकमेकांना फुलीसारखी छेदून जातात. त्यातलं पुढचं म्हणजे ‘एसीएल’. करंगळीएवढं जाड, तीनेक सेंटीमीटर लांब. नडगीला पुढे सरकू न देणं आणि नको तेवढी पिळू न देणं, हे त्याचं काम. त्याच्या शेजारी दोन अर्धचंद्राकार कूर्चा असतात, त्यांना आपण ‘गादी’ म्हणतो. गुडघ्याची दुखणी आणखीही आहेत. व्हॉलीबॉलपटूच्या वाटीखालची कंडरा दुखते, लांब धावणाऱ्याची वाटी घासते. पण कारकीर्द संपवण्याची ताकद सर्वांत जास्त एसीएलच्या दुखापतीत आहे, म्हणून इथे मुख्यतः तिच्याबद्दलच लिहितो.

हे लिगामेंट तुटतं तरी किती वेळात? नॉर्वेतल्या संशोधकांनी महिला हँडबॉल आणि बास्केटबॉलच्या सामन्यांतले प्रत्यक्ष दुखापतीचे दहा प्रसंग निवडले. प्रत्येक प्रसंग वेगवेगळ्या कॅमेऱ्यांतून टिपलेला होता. त्या चित्रांवर संगणकातला सांगाडा फ्रेमगणिक बसवत त्यांनी गुडघ्याचा कोन मोजला. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या या कामाचा निष्कर्ष असा की, पाय जमिनीला टेकल्यापासून सुमारे ४० मिलिसेकंदांत घात होऊन गेलेला असतो. म्हणजे सेकंदाच्या पंचविसाव्या भागात. मेंदूने धोका ओळखून मांडीच्या स्नायूला हुकूम सोडायलाही याहून जास्त वेळ लागतो. ‘सांभाळून खेळ’ असं ओरडून सांगणाऱ्या प्रशिक्षकाच्या सूचनेला त्या क्षणी काही अर्थ नसतो. गुडघा सांभाळायचा तो पाय टेकण्याआधी, आणि तोही शरीराला लागलेल्या सवयीने.

इटलीतल्या व्यावसायिक फुटबॉलपटूंच्या १३४ एसीएल दुखापतींची चित्रफीत-तपासणी २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात प्रत्यक्ष गुडघ्यावर घाव बसून झालेल्या दुखापती फक्त १२ टक्के निघाल्या. बाकीच्या वेळी खेळाडू चेंडू हिसकावायला धावला, एकदम थांबला, वळला, किंवा कोणाचा खांद्याला धक्का लागून त्याचा तोल गेला. कबड्डी पाहणाऱ्याला हे नवीन नाही. चढाई करून मध्यरेषेकडे वळणारा खेळाडू आणि कोपऱ्यातून त्याचा घोटा धरणारा बचावपटू डोळ्यांसमोर आणा. पाऊल जागेवर खिळलेलं, धड फिरलेलं, आणि मधे सापडलेला गुडघा. खो-खोत खांबाला वळसा घालणारा आक्रमक, कुस्तीत पट काढताना एका पायावर अडकलेला मल्ल, यांचं दुखणं याच जातीचं.

पाऊल खिळतं कशामुळे, हा प्रश्न बुटांपासून सुरू झाला. १९७१ मध्ये अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाच्या शाळांमध्ये जोसेफ टॉर्ग या शल्यविशारदाने अमेरिकन फुटबॉल खेळणाऱ्या मुलांच्या बुटांचा अभ्यास केला. मोजके पण लांब खिळे असलेल्या बुटांऐवजी जास्त पण आखूड खिळ्यांचे बूट दिल्यावर गुडघ्याच्या दुखापती उतरल्या. खिळा जितका खोल रुततो तितका पाय जमिनीत अडकतो आणि वळणाचा सगळा ताण वर गुडघ्यावर चढतो, इतकं ते सरळ होतं. पुढे नॉर्वेत दिसलं की लाकडी तक्तपोशीपेक्षा कृत्रिम पृष्ठभागावर हँडबॉल खेळणाऱ्या महिलांची एसीएल जास्त तुटते.

बर्फावरच्या स्कीइंगची कहाणी तर प्रत्येक क्रीडासाहित्य बनवणाऱ्याने वाचावी अशी आहे. पूर्वी पडल्यावर नडगी मोडायची. मग पडताच बूट स्कीपासून सुटेल असे बंध निघाले, बूट उंच आणि ताठ झाले, आणि नडगी मोडण्याचं प्रमाण झपाट्याने घसरलं. पण अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात वर्षानुवर्षं नोंदी ठेवणाऱ्या संशोधकांना त्याच काळात गुडघ्याच्या गंभीर दुखापती वाढताना दिसल्या. ताण नाहीसा झाला नव्हता, तो एक सांधा वर सरकला होता. त्यावर या मंडळींनी नवं उपकरण काढलं नाही. अपघातांच्या चित्रफिती जमवल्या, कोणत्या स्थितीत गुडघा जातो ते शोधलं, आणि १९९३-९४ च्या मोसमात बर्फावर काम करणाऱ्या प्रशिक्षकांना व सुरक्षारक्षकांना त्या फिती दाखवून काय टाळायचं ते शिकवलं. त्या कर्मचाऱ्यांत गुडघ्याच्या गंभीर दुखापती ६२ टक्क्यांनी कमी झाल्या. कॅमेऱ्याचा याहून चांगला उपयोग मला तरी माहीत नाही.

आपल्याकडे आज हाच प्रश्न मॅटचा आहे. कबड्डी मातीतून मॅटवर आली, २०१४ पासून प्रो कबड्डीने ती घराघरात नेली. खो-खोही मॅटवर गेला. महाराष्ट्र केसरीत माती आणि गादी असे दोन विभागच आहेत. मॅटमुळे खरचटणं कमी झालं, पावसाचा अडथळा गेला, खेळ वेगवान झाला, हे सगळं खरं. पण गावातली मुलं वर्षभर मातीत अनवाणी सराव करतात आणि स्पर्धेच्या दिवशी बूट चढवून मॅटवर उतरतात. मातीत घसरणारं पाऊल मॅटवर जागीच थांबतं. कृत्रिम गवताच्या मैदानाला मान्यता देण्याआधी फिफा त्यावर खिळ्यांचा बूट किती जोर लावल्यावर वळतो हे यंत्राने मोजते. वजन ठेवलेला बुटाचा तळ आणि पिळाचा जोर दाखवणारा पाना, एवढंच ते यंत्र. कबड्डीच्या मॅटसाठी आणि बुटांसाठी असं मोजमाप सक्तीचं करायला कुठली मोठी प्रयोगशाळा लागत नाही. ते झालं पाहिजे, आणि ते महासंघांचं काम आहे, पालकांचं नव्हे.

नी-कॅपबद्दल दोनच वाक्यं पुरेत. ताणाच्या कापडाची नी-कॅप ऊब देते, गुडघ्याची जाणीव जागी ठेवते, मनाला धीर देते. ४० मिलिसेकंदांतला पीळ ती थोपवू शकत नाही.

आता सर्वांत जास्त आशा ज्यावर लावली गेली त्या भाकिताकडे येतो. कोणाचा गुडघा जाणार हे आधीच कळलं तर? २००५ मध्ये अमेरिकेतल्या टिमथी हेवेट आणि सहकाऱ्यांनी शाळेत फुटबॉल, बास्केटबॉल, व्हॉलीबॉल खेळणाऱ्या २०५ मुलींना पेटीवरून उडी मारायला लावली. अंगावर परावर्तक खुणा, भोवती कॅमेरे, पायाखाली जोर मोजणारा फलक. पुढे त्यातल्या ९ जणींची एसीएल तुटली, आणि त्यांचे गुडघे उडीतून उतरताना आतल्या बाजूला जास्त झुकत होते असं आढळलं. ‘गुडघे आत पडणं’ हा शब्द तेव्हापासून जगभरच्या प्रशिक्षकांच्या तोंडी आहे. मग नॉर्वेने हेच मोठ्या प्रमाणावर केलं. महिला हँडबॉल आणि फुटबॉलच्या सर्वोच्च साखळीतल्या सातशेहून अधिक खेळाडूंची उडी मोजली, त्यांच्यावर अनेक वर्षं लक्ष ठेवलं. २०१६ मध्ये निकाल आला की या उडीवरून कोणाचा गुडघा जाईल हे सांगता येत नाही. ज्यांचे तुटले आणि ज्यांचे टिकले, त्यांचे आकडे एकमेकांत इतके मिसळलेले होते की मधे रेघ ओढणं शक्य नव्हतं.

आज मोबाईलच्या कॅमेऱ्यातून सांध्यांचे कोन काढणारी सॉफ्टवेअर आली आहेत. अंगावर खुणा चिकटवायची गरज उरलेली नाही. बनियनमध्ये शिवलेला जीपीएस खेळाडू किती धावला, किती वेळा जोरात थांबला ते मोजतो. ही साधनं वाईट नाहीत, थकलेल्या खेळाडूला ओळखायला त्यांची मदतच होते. पण ‘कृत्रिम बुद्धिमत्ता दुखापत आधीच ओळखते’ असं सांगून कोणी एखाद्या अकादमीला यंत्र विकायला आला तर नॉर्वेची ती उडी आठवावी. माझी खरी भीती वेगळी आहे. असल्या आकड्यावरून एखाद्या चौदा वर्षांच्या मुलीला ‘हिचा गुडघा धोक्याचा’ म्हणून संघाबाहेर बसवलं जाईल, आणि तो अन्याय शास्त्राच्या नावाने होईल.

भाकीत जमलं नाही, पण प्रतिबंध जमला. तोही सरसकट सगळ्यांसाठी, कोणालाही न निवडता. सराव सुरू होताना पंधरा-वीस मिनिटांचे ठरावीक व्यायाम: एका पायावर बैठक, लंज, प्लँक, तोल सांभाळणं, उडी मारून मऊ उतरणं, गुडघा पावलाच्या रेषेत ठेवून वळणं. २००५ मध्ये नॉर्वेतल्या १२० क्लबांतल्या १५ ते १७ वयाच्या १,८३७ हँडबॉलपटूंवर हा प्रयोग झाला, आणि गुडघा व घोट्याच्या दुखापती जवळपास निम्म्या झाल्या. २०१२ मध्ये स्वीडनमधल्या ४,५६४ फुटबॉल खेळणाऱ्या मुलींवर याच धर्तीचा कार्यक्रम झाला, आठवड्यातून दोनदा, पंधरा मिनिटं. त्यात एसीएलच्या दुखापती ६४ टक्क्यांनी घटल्या. फिफाचा ‘११+’ हा वॉर्म-अप याच घराण्यातला. मुली आणि स्त्रियांची एसीएल पुरुषांपेक्षा दुपटी-तिपटीने जास्त तुटते. म्हणून या व्यायामांची पहिली गरज मुलींच्या संघांना आहे, आणि आपल्याकडे बहुधा त्यांनाच सरावाला सर्वांत कमी वेळ आणि उरलेलं मैदान मिळतं.

या कार्यक्रमात यंत्र कुठे आहे, असं कोणी विचारेल. इथे तंत्रज्ञान म्हणजे ही पद्धतच. ती बसवण्यामागे गुडघा नेमका कसा जातो याचा सगळा अभ्यास उभा आहे. पण पद्धतीचा एक शत्रू आहे, कंटाळा. नॉर्वेत असाच एक प्रयोग संपला, संशोधक घरी गेले, संघांनी व्यायाम सोडले आणि एसीएलच्या दुखापती पुन्हा चढल्या. मग क्लबोक्लबी जाऊन प्रशिक्षकांना पुन्हा शिकवलं, व्यायामांच्या चित्रफिती इंटरनेटवर मोफत ठेवल्या, तेव्हा आकडा परत उतरला. मोबाईलची खरी जागा मला इथे दिसते. मराठीतून बोलणारी, कबड्डी आणि खो-खोच्या हालचालींवर बेतलेली, दहा-पंधरा मिनिटांची चित्रफीत प्रत्येक शाळेच्या क्रीडाशिक्षकाकडे असायला हवी. ती बनवायला जोर मोजणारा एकही फलक लागत नाही.

हे सगळं करूनही काही गुडघे जाणारच. पुढचा प्रवास एमआरआयपासून सुरू होतो, आणि बऱ्याचदा दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेवर पोचतो. ही दुर्बीण जपानची देणगी. १९१८ मध्ये टोकियोत केंजी ताकागी यांनी मूत्राशय तपासायची नळी एका मृतदेहाच्या गुडघ्यात घालून पाहिली. त्यांचे शिष्य मासाकी वातानाबे यांनी १९६२ मध्ये दुर्बिणीतून फाटलेली गादी कापून काढली. आज छोट्या छिद्रांतून स्वतःच्याच कंडरेचं नवं लिगामेंट बसवतात. १९८० च्या दशकात कृत्रिम धाग्यांची लिगामेंट बसवण्याची लाट आली होती. ती झिजली, त्यांच्या कणांनी गुडघे सुजले, आणि लाट ओसरली.

शस्त्रक्रिया प्रत्येकाला लागतेच का? स्वीडनमध्ये १२१ तरुण, खेळत्या माणसांवर याचा नीट प्रयोग झाला. निम्म्यांची लगेच शस्त्रक्रिया केली, निम्म्यांना आधी व्यायामोपचार दिले आणि गरज पडली तरच पुढे शस्त्रक्रिया. दोन वर्षांनी दोन्ही गटांच्या गुडघ्यांत फरक नव्हता, आणि पाच वर्षांनीही दुसऱ्या गटातल्या जवळपास निम्म्यांना शस्त्रक्रियेची गरज पडलेली नव्हती. यात व्यावसायिक खेळाडू नव्हते, त्यामुळे कबड्डीपटूला हे जसंच्या तसं लागू होत नाही. पण ज्याला पुन्हा कोर्टवर उतरायचं नाही, त्याच्या घरच्यांनी कर्ज काढण्याआधी हा प्रश्न डॉक्टरांना जरूर विचारावा.

खरी लढाई सुरू होते ती टाके निघाल्यावर. मांडीचा पुढचा स्नायू आठवड्याभरात वितळल्यासारखा होतो. नुसत्या विश्रांतीने तो एवढा झडत नाही. सुजलेला सांधा मज्जारज्जूला संदेश पाठवतो आणि मज्जारज्जू त्या स्नायूचा पुरवठाच मंद करतो. खेळाडू मनापासून जोर लावतो, पण स्नायू पेटत नाही. इथे त्वचेवर पट्ट्या लावून विजेच्या झटक्यांनी स्नायू आकुंचित करणारं यंत्र खरोखर कामाचं आहे, विशेषतः पहिल्या आठवड्यांत. दुसरा उपाय जपानच्या योशिआकी सातो यांच्या ‘कात्सू’ पद्धतीतून आला. मांडीच्या मुळाशी पट्टा आवळून रक्तप्रवाह काही अंशी रोखतात आणि खेळाडूच्या पूर्ण क्षमतेच्या २०-३० टक्के वजनावरच व्यायाम करवतात. नव्या लिगामेंटवर भार न येता स्नायू टिकतो. तो पट्टा दाब मोजणारा हवा आणि बांधणारा जाणकार हवा. सायकलची ट्यूब बांधून हे करणं धोक्याचं आहे. याउलट, पाय आपोआप वाकवत-सरळ करत ठेवणारं यंत्र एकेकाळी प्रत्येक मोठ्या इस्पितळात असायचं. एसीएलच्या रुग्णाला त्याचा टिकाऊ फायदा दिसला नाही.

सगळ्या यंत्रांत मला मोलाचं वाटतं ते फक्त मोजणारं. आपल्याकडे अजून परतीचा दिवस कॅलेंडर ठरवतं: ‘सहा महिने झाले, खेळ आता.’ नॉर्वे आणि अमेरिकेतल्या डेलावेअरच्या संशोधकांनी शंभरावर रुग्णांचा मिळून केलेला अभ्यास २०१६ मध्ये आला. नऊ महिन्यांपर्यंत परत येणं एकेक महिना लांबवलं, तर दर महिन्यामागे गुडघा पुन्हा दुखावण्याचं प्रमाण ५१ टक्क्यांनी घटत होतं. परतण्याआधी ताकदीच्या आणि उड्यांच्या सगळ्या चाचण्यांत, दुखऱ्या पायाला चांगल्या पायाच्या किमान ९० टक्के जमलं पाहिजे, अशी अट होती. अट पूर्ण न करता परतलेल्यांपैकी ३८ टक्के पुन्हा दुखावले, पूर्ण करून परतलेल्यांपैकी साडेपाच टक्क्यांच्या आसपास.

यातही एक चकवा आहे. एका पायावर लांब उडी ही सर्वांत सोपी चाचणी, तिला टेप पुरतो. कतारच्या आस्पेतार रुग्णालयात कॅमेरे आणि फलक लावून पाहिलं तेव्हा शस्त्रक्रिया झालेले पुरुष खेळाडू लांबीत चांगल्या पायाच्या ९७ टक्क्यांपर्यंत पोचलेले होते, पण गुडघा आपलं काम कंबरेवर ढकलून देत होता. त्याच खेळाडूंना एका पायावर सरळ वर उडी मारायला सांगितलं तर दुखरा पाय ८३ टक्क्यांवर थांबत होता. म्हणजे टेप फसतो आणि उंची खरं बोलते. ही उंची मोजायला आता महागडा फलकही लागत नाही. सेकंदाला २४० चित्रं टिपणाऱ्या मोबाईलवर पाय सुटल्याचं आणि टेकल्याचं चित्र शोधलं की हवेतला वेळ मिळतो, आणि त्यावरून उंची.

मनाचं मोजमापही आता होतं, गुडघ्यावर विश्वास किती बसला हे विचारणाऱ्या प्रश्नावलीने. ते लागतंच. पंचविशीच्या आतले जे खेळाडू शस्त्रक्रियेनंतर खेळात परततात, त्यांच्यापैकी जवळपास चौथ्या हिश्श्याला पुन्हा एसीएलची दुखापत होते, आणि कित्येकदा ती दुसऱ्या, धडधाकट गुडघ्याला होते. विनेश फोगाट २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये उजवा गुडघा धरून स्ट्रेचरवरून बाहेर गेली, २०१८ मध्ये जाकार्ताच्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक घेऊन परतली, आणि २०२३ मध्ये डाव्या गुडघ्यावर मुंबईत शस्त्रक्रिया करून घेतली. रवींद्र जडेजा सप्टेंबर २०२२ मधल्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर फेब्रुवारी २०२३ मध्ये नागपूर कसोटीत उतरला आणि पहिल्याच डावात ४७ धावांत ५ बळी घेतले. गावातला मुलगा टीव्हीवर ते पाच महिने मोजतो आणि स्वतःला तेच लावतो. प्रत्येक गुडघ्यात काय मोडलं होतं ते वेगळं असतं, आणि जडेजामागे बंगळुरूची राष्ट्रीय क्रिकेट अकादमी उभी होती, हे त्याला कोणी सांगत नाही.

त्या मुलामागे काय उभं आहे? शहरात खासगी केंद्रं आहेत, एकेका सत्राचे पैसे मोजून. तालुक्यात बहुतेक वेळा मालिश, गरम पट्टी आणि ‘बसून राहा’ हा सल्ला. म्हणून स्वस्त मोजमापांचं मला अप्रूप आहे. वजनाचे दोन साधे काटे शेजारी-शेजारी ठेवा, एकेक पाय एकेका काट्यावर, आणि सावकाश बैठक मारायला सांगा. चोरलेला भार आकड्यात दिसतो. खुर्चीवर बसवून घोट्याला पट्टा आणि सामान तोलायचा लटकता काटा अडकवला की मांडीच्या ताकदीचा अंदाज येतो. प्रयोगशाळेइतका अचूक नसेल, पण दोन पायांतली तफावत कळायला पुरतो.

आकडा मिळाला तरी तो ऐकायची सोय हवी. शालेय स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालील गटांत होतात. नऊ महिने थांबायचं म्हणजे जिल्हा, विभाग, राज्य असा एक अख्खा मोसम हुकणं, आणि वाढदिवस आडवा आला तर तो गटच हातचा जाणं. दहावी-बारावीचे सवलतीचे गुण स्पर्धेतल्या सहभागावर आणि कामगिरीवर मिळतात. सरकारी नोकरीतलं खेळाडूंचं पाच टक्के आरक्षण प्रमाणपत्रावर मिळतं. ज्या घरात हे प्रमाणपत्र म्हणजे पोराच्या पोटापाण्याची वाट आहे, तिथे ‘अजून तीन महिने’ हे वाक्य फार महाग पडतं. दुखापतीच्या वर्षासाठी आधीच्या मोसमाची कामगिरी ग्राह्य धरावी, किंवा वैद्यकीय दाखल्यावर वयोगटात एका मोसमाची सूट द्यावी. क्रीडा विभागाने एवढं केलं तरी कित्येक गुडघे परतण्याच्या घाईतून वाचतील.

तोवर हा निर्णय शाळेच्या मैदानावर एकट्या क्रीडाशिक्षकाला घ्यावा लागणार. समोर सोळा वर्षांची मुलगी दोन काट्यांवर उभी असेल. ती म्हणेल, ‘सर, आता अजिबात दुखत नाही.’ डाव्या पायाखालचा काटा सहा किलो कमी दाखवत असेल, आणि जिल्ह्याची स्पर्धा तीन आठवड्यांवर आलेली असेल.